शिकागोतला रविवार

फ्रिस्को, टेक्सास
२७ ऑक्टोबर २०२५

ती. सुमाताईस,
सा. न. वि. वि.

दसऱ्याला लिहिलेलं तुझं पत्र दिवाळीचा फराळ संपल्यावर पोचलं. तुझा नंदू म्हणतो ईमेल करत जा, पण मग तो माझं पत्र तुझ्या कानाशी ओरडून वाचणार आणि साऱ्या सांगलीला माझ्या गुडघ्यांची हकिगत समजणार. त्यापेक्षा आपलं पोस्टच बरं. तुला फोनवर ऐकू येईनासं झालं आणि मी पुन्हा पानंच्या पानं लिहायला लागले, एकोणऐंशी साली इथे नवी आले होते तेव्हा लिहायचे तशी.

सलोनी दोन गल्ल्या पलीकडे राहते, रोज ऑफिसातून येताना डोकावून जाते. तिची आन्या आता माझ्याहून उंच झाली आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, आमचं उत्तम चाललंय.

ह्यांचं तसंच आहे. चौथं वर्ष आता. इंजिनिअर माणूस, आयुष्यभर उंच इमारतींच्या सांगाड्यांची गणितं केली, आणि आता चमचा कुठल्या हातात धरायचा ते सांगावं लागतं. दिवसातून दोनदा तरी मला म्हणतात, की बाई, तुमचं काम झालं असेल तर आता घरी जा. मी म्हणते, हो, हे एवढं आवरते आणि जाते. डे-केअरवाल्यांनी मागच्या महिन्यात त्यांना ठेवून घ्यायला नकार दिला. का ते विचारू नकोस. माझ्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, जरा भाजलंय, पण ती माझीच धांदल. सलोनीलाही मी तसंच सांगितलंय.

आता चांगली बातमी. आम्ही सहलीला चाललो आहोत! सात ते दहा नोव्हेंबर, शिकागो. मी, हे, ॲन आर्बरहून कुमारभावजी आणि मृणालिनी, आणि फ्रीमाँटहून आमची मैत्रीण विनीता. कुमारभावजी तुला आठवतील, ह्यांचे लग्नाआधीचे रूममेट. शिकागोत दोघं तीन वर्षं एका खोलीत राहिले, हे ऑफिसात आणि ते हॉस्पिटलात. आता डॉक्टरकीतून रिटायर होऊन दहा वर्षं झाली, तरी ह्यांना 'राजा' म्हणणारा जगात तो एकच माणूस उरला आहे. विनीताचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून तिने सगळ्यांना फिरवण्याचा वसा घेतला आहे, बोटीची तिकिटंसुद्धा तिने काढून ठेवली.

सलोनी म्हणाली, आई, कॅन्सल कर, बाबांना झेपणार नाही. कुमारभावजींनी तिला फोनवर समजावलं. जुनी जागा बघून त्याला बरं वाटेल आणि तुझ्या आईलाही थोडी उसंत मिळेल, म्हणाले. मी सलोनीला काही बोलले नाही, पण तुला सांगते. ताई, मला जायचंय. चार वर्षांत मी एक कप कॉफी बसून, गरम असताना प्यालेली नाही.

थोरांना नमस्कार, नंदूला आशीर्वाद. उत्तर येईपर्यंत वाट बघायला लावू नकोस.

तुझी,
सुवर्णा


सांगली
८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. सुवर्णास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बारा दिवसांत आलं. पोस्टाने ह्या खेपेस कमाल केली. आज शनिवार, म्हणजे तुम्ही सगळे आत्ता शिकागोत असाल. गळ्यात मफलर घाल. तुला लहानपणापासून मफलर टोचतो आणि मग महिनाभर खोकत बसतेस.

राजारामरावांना माझा नमस्कार सांग. ओळख पटली नाही तरी सांग. तुझ्या लग्नात त्यांनी माझ्या हातची तिसरी जिलबी संकोचाने नाकारली होती आणि नंतर आत येऊन मागून घेतली होती, ते मी विसरलेले नाही. आणि भाजलेल्या हातावर काय लावलंस ते कळव. धांदलीने मनगटाच्या वरच्या बाजूला भाजत नाही, एवढं पन्नास वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईला कळतं. अंगावर काढू नकोस, मुलीला सांग.

नंदू म्हणतो, शिकागोला समुद्रासारखं तळं आहे. खरं का? फोटो कागदावर काढून पाठव, मला त्याच्या मोबाईलवर काही दिसत नाही. आणि कॉफी बसून पी. कोणी उठवलं तरी उठू नकोस.

काळजी घे. मला तुझ्याशिवाय पत्र लिहायला आता कोणी नाही, हे लक्षात असू दे.

तुझी,
सुमाताई


ॲन आर्बर, मिशिगन
२ डिसेंबर २०२५

प्रिय सुवर्णावहिनी,
स. न. वि. वि.

राजाला जाऊन तीन आठवडे झाले. तुम्ही फोन घेत नाही, ते मी समजू शकतो. म्हणून लिहितो आहे. अंत्यविधीच्या दिवशी तुम्ही माझा हात धरलात, आणि त्यामुळे मला जे बोलायचं होतं ते बोलताच आलं नाही.

त्या रविवारी दुपारी म्युझियममध्ये मीच तुम्हाला म्हणालो होतो, की दोन तास राजा माझ्याकडे, तुम्ही मृणालिनी आणि विनीताबरोबर वरच्या मजल्यावर चित्रं बघून या. तुम्ही दोनदा विचारलंत, नक्की ना? मी हसलो. पन्नास वर्षं ज्याला ओळखतो, त्याला दोन तास सांभाळणं मला मोठं वाटलं नाही. आदल्या दिवशी बोटीत तो किती छान होता! एकेक इमारत ओळखून तिचा पाया कसा घातला ते मला सांगत होता. बोटीवरची गाईड मुलगी माईक बाजूला ठेवून त्याचं ऐकत उभी राहिली. मला वाटलं, राजा परत आला.

खाली कॅफेत मी त्याला टेबलाशी बसवलं आणि कॉफीच्या रांगेत उभा राहिलो. पाठ त्याच्याकडे. पुढे दोनच माणसं होती. सहा मिनिटं, फार तर सात. दोन कप घेऊन वळलो तर खुर्ची रिकामी. तेवढ्यात तुम्ही जिन्यावरून उतरून आलात. त्याला पाहिलंत का, असं मी विचारलं आणि तुम्ही मान हलवलीत. मी समोरच्या दाराने बाहेर पडलो आणि थेट तलावाच्या बाजूला धावलो. तो मागच्या दाराने गेला होता. ते पोलिसांना कॅमेऱ्यात दिसलं तेव्हा सोमवार उजाडला होता. तोवर सगळ्यांनी तलावाचा काठ पिंजून काढला.

पण वहिनी, मला खरं सांगायचंय ते वेगळंच. पोलिसांनी मला तीनदा विचारलं, की हे गृहस्थ कुठे जाऊ शकतील? मी म्हणालो हॉटेल, बोटीचा धक्का, बाग. आमची जुनी खोली मला सुचली नाही. मी त्या खोलीत तीन वर्षं त्याच्याबरोबर राहिलो, आणि मला ती सुचली नाही! राजा ऑफिस सुटल्यासारखा उठला, गाडीत बसला आणि घरी गेला. कोणत्या गाडीने, तिकीट कुणी काढून दिलं, काहीच कळलं नाही. इमारतीच्या मागे तो लाकडी जिना अजून तसाच आहे. किल्ली नसली की आम्ही त्यावर बसून एकमेकांची वाट बघायचो. रात्री पारा शून्याखाली उतरला, पहाटे बर्फ पडला. सकाळी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांना वाटलं, कुणी म्हातारे गृहस्थ बसल्या बसल्या झोपले आहेत.

तो माझी वाट बघत बसला असणार. हे मला झोपू देत नाही.

आयुष्यभर मी लोकांना भूल द्यायचं काम केलं. ऑपरेशन चालू असताना पेशंटवरून नजर हटवायची नाही, ही माझी सवय. ती मी सात मिनिटांसाठी सोडली. तुम्ही मला क्षमा करा असं म्हणायचा मला हक्क नाही. पण तुम्ही मनात जे म्हणत असाल ते लिहून पाठवा. शिव्या असल्या तरी चालतील.

सलोनीला माझा आशीर्वाद कळवा, तिने घेतला तर. लोभ असावा.

आपला,
कुमार


फ्रिस्को
२१ डिसेंबर २०२५

ती. सुमाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं आठ तारखेचं पत्र मी शिकागोहून परतल्यावर पोचलं. फोटो पाठव म्हणाली आहेस. फोटो आहेत ताई. बोटीतले आहेत, हे हसताहेत. ते पाठवायचं धाडस झालं की पाठवीन.

नंदूने तुला बाकीचं सगळं सांगितलं असेल. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक आणि नंदूच्या हाती लागू देऊ नकोस. हे मी कुणाला तरी सांगितलं नाही तर वेडी होईन, म्हणून तुला सांगते.

मी वर चित्रं बघत होते ते जेमतेम अर्धा तास. गुडघा ठणकायला लागला, तेव्हा मृणालिनीला सांगून मी एकटीच खाली निघाले. तिथला जिना रुंद आहे, मध्ये एक टप्पा आहे आणि त्यावर बाक ठेवलाय. तिथून कॅफे दिसतो. कुमारभावजी रांगेत होते, पाठमोरे. हे टेबलाशी बसले होते. बघता बघता हे उठले. खुर्चीवरचा कोट घेतला, घातला, बटणं लावली. ताई, वर्षभर मी त्यांची बटणं लावते आहे. त्यांनी सगळी लावली, वरपासून खालपर्यंत, आणि इकडेतिकडे न बघता चालायला लागले. गोंधळलेला माणूस चालतो तसे नाही. कामावरून निघालेला माणूस चालतो तसे.

मी हाक मारली असती तर त्यांना ऐकू गेली असती. एवढंच अंतर होतं.

मी मारली नाही. मी त्या बाकावर बसले.

पहिल्यांदा मनात आलं, की कुमारभावजी आहेत ना, ते बघतील. मग आलं, पाच मिनिटं ते दुसऱ्या कुणाचे तरी असू देत. हे दोन्ही मी जजसमोरही सांगू शकेन. पण त्यानंतर जे आलं ते फक्त तुला सांगते. मनात आलं, जाऊ दे. ह्या दोन शब्दांचा अर्थ तुला कळतो, मलाही तेव्हा कळत होता. माझे खांदे खाली आले. बाक गार होता आणि मला इतकं बरं वाटलं, की तशी मी चार वर्षांत कुठेच बसले नव्हते.

किती वेळ बसले, माहीत नाही. कुमारभावजी वळले तेव्हा मी उठले, खाली आले आणि आत्ताच आले असं दाखवलं. त्यांनी विचारलं, पाहिलंत का? मी मान हलवली. नाही म्हणून.

माझ्या हातावरचं भाजलेलं तू ओळखलंस. त्यांनी उकळता चहा फेकला होता. पण ते कारण म्हणून मी लिहीत नाही. चहा फेकला त्याआधी पंचेचाळीस वर्षं ते माझ्याशी आवाज चढवून बोलले नव्हते. तो आजार फेकत होता, हे मला माहीत होतं, आणि त्या बाकावर बसतानाही माहीत होतं.

दहा दिवसांपूर्वी कुमारभावजींचं पत्र आलं. सगळा दोष त्यांनी आपल्या डोक्यावर घेतला आहे. मी उत्तर लिहायला बसते आणि तारीख टाकून उठते. काय करू?

तुझी,
सुवर्णा


सांगली
९ जानेवारी २०२६

चि. सुवर्णास,
अनेक आशीर्वाद.

सवयीने नावाआधी 'सौ.' लिहिलं आणि तो कागद टाकून हा दुसरा घेतला.

तुझं पत्र गॅसवर धरून जाळलं. नंदूने वास कसला म्हणून विचारलं, दूध उतू गेलं असं सांगितलं.

तू विचारलंस काय करू, तर सांगते. गप्प बस. माणूस गेला, तो आता येत नाही. तुला उरलेले दिवस त्या परक्या देशात मुलीच्या आधाराने काढायचे आहेत. सलोनी बापाची लाडकी. तिला हे कळलं तर ती तुझं तोंड बघेल का, ह्याचा विचार कर. कुमार पुरुष माणूस आहे, डॉक्टर आहे, बायको आहे त्याला. चार महिन्यांनी सावरेल. त्याला लिही, की तुमचा दोष नाही, देवाची इच्छा. एवढं लिही आणि तो विषय मिटव.

मी तुला नावं ठेवत नाही. माझ्या सासूबाई सहा वर्षं अंथरुणावर होत्या. त्या सहा वर्षांत माझ्या मनात काय काय येऊन गेलं, ते मी ह्यांनाही कधी सांगितलं नाही आणि तुलाही सांगणार नाही. मनात येतं. तुझ्या बाबतीत त्याच वेळी दार उघडं होतं, एवढाच फरक.

रोज थोडं तरी खा. मफलर वापर. आणि पुन्हा असलं कागदावर उतरवू नकोस.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
सुमाताई


ॲन आर्बर
२ फेब्रुवारी २०२६

प्रिय सुवर्णा,
सप्रेम नमस्कार.

तू सलोनीकडून फोनवर निरोप देतेस, की आई झोपली आहे. दुपारी बाराला, संध्याकाळी पाचला. मी रागावले नाही. पण आज मला तुझ्याकडे काही मागायचंय आणि ते तुला वाचावंच लागेल.

कुमार दर रविवारी शिकागोला जातो. डिसेंबरपासून. रविवारी सकाळच्या रेल्वेने निघतो, सोमवारी परततो. पहिल्यांदा म्हणाला, जुन्या हॉस्पिटलातल्या मित्राला भेटतोय. मी विश्वास ठेवला. मग जानेवारीत त्या इमारतीतल्या बाईंचा फोन आला, ज्यांनी राजारामभावजींना पाहिलं त्यांचा. म्हणाल्या, तुमचे मिस्टर येतात आणि आमच्या मागच्या जिन्यावर बसतात. मी आत बोलावलं तर येत नाहीत. सूप दिलं तर घेतात, वाटी धुऊन परत देतात. शेजाऱ्यांनी एकदा पोलीसही बोलावले, मीच त्यांना समजावून परत पाठवलं. पण बाहेर उणे पंधरा आहे आणि मला पुन्हा एकदा दार उघडून तेच बघायचं नाही. असं म्हणून त्या बाई फोनवर रडल्या.

मी त्याला गाडीच्या किल्ल्या देत नाही, पण रेल्वेला काय करणार? अडवलं तर म्हणतो, तो रात्रभर बसला, मी चार तास बसू नको? वजन अठरा पौंड उतरलंय. मुलं रोज व्हिडिओ कॉल करतात, त्यांना 'ऑल गुड' म्हणतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस आहे सुवर्णा. ह्या थंडीत एक दिवस मलाही तसाच फोन येईल.

त्याने तुला पत्र लिहिलं, त्याला दोन महिने झाले. तो रोज टपालपेटीपर्यंत जातो. तुझा त्याच्यावर राग असेल तर तो योग्यच आहे, पण तसं लिही. नसेल तर तसं लिही. एक ओळ. आपल्या पंचेचाळीस वर्षांच्या मैत्रीतून मी एवढंच मागते.

तुझीच,
मृणालिनी


फ्रिस्को
११ फेब्रुवारी २०२६

कुमारभावजींस,
स. न. वि. वि.

मृणालिनीचं पत्र काल मिळालं. तुमच्या पत्राचं उत्तर मी द्यायला हवं होतं आणि दिलं नाही. शोकामुळे नाही, भित्रेपणामुळे. आता जे लिहिते ते बसून वाचा.

तुम्ही कॉफीच्या रांगेत होतात तेव्हा मी जिन्याच्या मधल्या टप्प्यावर होते. हे उठले ते मी पाहिलं. कोट घालून निघाले ते पाहिलं. मी हाक मारली नाही, मागे गेले नाही. बाकावर बसून राहिले. थकले होते हे खरं, पण त्या क्षणी त्यांनी जावं असं मला वाटलं, हेही खरं.

हे मी माझ्या बहिणीला लिहिलं आहे. पण पुढचं तिलाही लिहिलं नाही. ते कोणत्या दाराने गेले, तेही मी पाहिलं होतं. तुम्ही समोरच्या दाराकडे धावलात तेव्हा मला माहीत होतं, की ते मागच्या दाराने गेलेत. पोलिसांनी विचारलं, मॅडम, कुठल्या बाजूला गेले असतील? मी म्हणाले, आय डोन्ट नो. दार सांगितलं असतं तर पाहिलं होतं हे कबूल करावं लागलं असतं. पाच वाजता मी त्या ऑफिसरपाशी गेले, सांगायचं ठरवून. तेवढ्यात मृणालिनीने मला मिठी मारली आणि म्हणाली, तू किती धीराची आहेस. मग मला सांगता आलं नाही. प्रत्येक तासाला ते अजून अवघड झालं. सोमवारी सकाळी त्यांना कॅमेऱ्यातून कळलं, तेव्हा मला वाटलं, बरं झालं, आता मला बोलायला नको. आणि वीस मिनिटांनी तो फोन आला.

तुमची सात मिनिटं होती. माझे सोळा तास होते. तुम्ही पाठमोरे होतात. मी नव्हते.

ते तुमची वाट बघत बसले असतील असं तुम्ही लिहिलंत. असतील. पण तिथे जाताना ते घाबरलेले नव्हते. मी शेवटचं पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा शांत होता. त्यांना कुठे जायचंय ते ठाऊक होतं. हे सांगू शकणारी मी एकटीच आहे आणि तीन महिने मी ते तुमच्यापासून लपवलं.

काल संध्याकाळी मी सलोनीला सगळं सांगितलं. तिने सिंकमधली भांडी घासली, ओटा पुसला आणि ती घरी गेली. आज आली नाही.

त्या जिन्यावर पुन्हा बसू नका. तिथे बसायचंच असेल तर मी बसायला हवं.

सुवर्णा


ॲन आर्बर
८ मार्च २०२६

सुवर्णावहिनींस,
नमस्कार.

तुमचं पत्र सतरा तारखेला मिळालं. उत्तराला तीन आठवडे लागले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा घडी घालून पुन्हा पाकिटात ठेवलं आणि गराजमध्ये जाऊन उभा राहिलो. मृणालिनीने आपणहून काढून वाचलं. ती रडली आणि म्हणाली, आत्ता फोन लावते सुवर्णाला. मी लावू दिला नाही.

मला राग आला. तुम्ही जिन्यावर बसलात त्याचा तेवढा नाही. त्याचा मी पुष्कळ विचार केला. चार वर्षांत मी राजाला पाच वेळा भेटलो, दर वेळी दोन दिवस, आणि दर वेळी परतताना विमानात बसलो की मला हायसं वाटायचं. तेव्हा त्या बाकाबद्दल मी काय बोलू? पण दार. वहिनी, मी तलावाच्या काठाने त्याच्या नावाने ओरडत धावत होतो. सहा वाजेपर्यंत धावलो. विनीता अनवाणी धावत होती, तिच्या बुटाची टाच तुटली होती. तुम्ही आम्हाला बघत होतात. नंतर अंत्यविधीला तुम्ही माझा हात धरलात. तो मी अजून विसरू शकत नाही आणि आता त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

मृणालिनी म्हणते, तुम्ही कबूल केलं नसतं तर कुणालाच कधी कळलं नसतं, हे विसरू नका. मी विसरत नाही. सलोनीनेही मला फोन केला होता. विचारत होती, काका, मी आईशी काय बोलू? मी म्हणालो, मला माहीत नाही बेटा, पण आन्याला तिच्याकडे जाऊ दे. काल तिचा मेसेज आला, की आन्या शाळेतून परस्पर आजीकडे जायला लागली आहे. सलोनी स्वतः अजून दारापर्यंतच येते म्हणे. येऊ दे दारापर्यंत.

मागचे तीन रविवार मी शिकागोला गेलो नाही. पहिल्या रविवारी गजर झाला, उठलो, बूट घातले, खुर्चीत बसलो. गाडीची वेळ टळल्यावर बूट काढले. त्या बाईंना आभाराचं पत्र पाठवलं आणि यापुढे येणार नाही असं कळवलं. त्यांचं उत्तर आलं. त्या जिन्याला आता दिवा लावून घेतलाय, रात्रभर चालू असतो, असं त्यांनी लिहिलंय.

तुम्ही लिहिलंत की तो शांत होता. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यासाठी तुमचे आभार मानायला हवेत, पण आज तो शब्द माझ्या हातून उमटत नाही. तसंच पत्राच्या शेवटी आपण एकमेकांना आजवर जे लिहीत आलो, 'लोभ असावा', तेही आज लिहिलं तर खोटं होईल, आणि आपल्यात आता तेवढं तरी खोटं नको.

पण तुम्ही लिहीत जा. काय खाल्लंत, हात बरा झाला का, आन्या काय म्हणाली, काहीही. मी वाचीन. उत्तराला उशीर होईल.

कुमार